घरांतील जुने कागद आणि जपानी कागद

तिसगांव, पाथर्डी, शेवगांव, नेवासें या बाजूच्या जुन्या घरांतून देवघराच्या कोनाड्यांत किंवा माळ्यावरच्या पेटींत एखादें तरी तांबडें बासन असतें. त्यांत कुलधर्माची पोथी असते, भागवताचा एखादा स्कंध असतो, जमिनीच्या वांटपाचीं मोडी पत्रें असतात, क्वचित् एखादी सनदही असते. त्याच पेटींत आजोबांनीं १९३०-३५ च्या सुमारास विकत घेतलेलीं छापील पुस्तकें व मासिकांचे बांधून ठेवलेले अंकही सांपडतात. हीं दोन्ही बाहेर काढून शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. दोनशें वर्षांच्या पोथीचें पान हातांत घेतलें तर तें लवतें, वाकतें आणि पुन्हां सरळ होतें. नव्वद वर्षांचें छापील पुस्तक उघडलें तर त्याचा कोपरा पापडासारखा मोडून हातांत येतो. पणजोबा धडधाकट आणि नातू तेवढा अंथरुणास खिळलेला, असा हा उलटा प्रकार आहे.

याचें कारण काय, आणि घरांतील मंडळींनीं त्याबाबत काय करावें, हा या महिन्याचा आमचा विषय आहे. तो नीट समजण्यासाठीं थोडें दूर, जपानपर्यंत, जावें लागतें. परंतु परत येतांना आपण दौलताबाद, जुन्नर आणि शेवटीं आपलें स्वयंपाकघर या वाटेनें येणार आहों. तेव्हां वाचकांनीं प्रवासास कंटाळूं नये.

कागदाची विद्या जपानांत चीन व कोरिया या मार्गानें गेली. ‘निहोन शोकी’ या जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथांत, इ. स. ६१० मध्यें कोरियांतून आलेल्या दोन्चो नांवाच्या बौद्ध भिक्षूस कागद व शाई करण्याची कला अवगत होती, असा उल्लेख आहे. पुढें शंभर वर्षांच्या आंत ती तेथें इतकी रुजली कीं, इ. स. ७०२ च्या खानेसुमारीचे कागद नारा येथील शोसोइन नांवाच्या भांडारांत आजही जतन केलेले आहेत. तेराशें वर्षें कागद टिकला, याचें श्रेय केवळ भांडाराच्या कुलपास देतां येणार नाहीं. तो कागद मुळांत ज्या कृतीनें केला ती कृतिच टिकाऊ होती.

हा कागद मुख्यतः कोझो नांवाच्या झाडाच्या सालीपासून करतात. कोझो हें तुतीच्या कुळांतलें झाड आहे. याशिवाय मित्सुमाता व गाम्पी या दोन झुडपांची सालही वापरतात. हिवाळ्यांत पानें झडल्यावर फांद्या तोडून त्या वाफवतात, साल सोलतात व तिचा वरचा काळा पापुद्रा खरवडून टाकतात. उरलेली पांढरी अंतरसाल राखेच्या निवळींत किंवा सोड्याच्या पाण्यांत शिजवून वाहत्या पाण्यांत धुतात. मग थंडगार पाण्यांत हात घालून तिच्यांतील एक एक काळा कण व एक एक गांठ वेंचून काढावी लागते. आपल्याकडे तांदूळ निवडतात त्याच चिकाटीचें हें काम आहे. त्यानंतर ती साल लांकडी दंडुक्यांनीं ठेंचतात. ठेंचल्यानें तंतु सुटे होतात, पण तुटत नाहींत, हें येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कोझोचा तंतु साधारणपणें एक सेंटिमीटर लांब असतो. लांकडाच्या लगद्यांतील तंतु एक ते तीन-चार मिलिमीटरांचा. लांब धाग्याचें सूत जसें बळकट, तसाच लांब तंतूचा कागदही बळकट.

परंतु असे लांब तंतु हौदांतील पाण्यांत टाकले कीं ते एकमेकांत गुंततात व तळाशीं बसतात. तसें होऊं नये म्हणून जपानी कारागीर त्या पाण्यांत तोरोरो-आओइ नांवाच्या रोपाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतो. हें रोप म्हणजे आपल्या भेंडीचें भावंड आहे. भेंडी चिरतांना जी तार सुटते, आणि जी घालविण्यासाठीं आमच्या भगिनी भाजींत आमसूल किंवा लिंबू घालतात, तीच तार तिकडे कागदाचें मर्म होऊन बसली आहे. तिच्यामुळें तंतु पाण्यांत तरंगत राहतात आणि पाणी सावकाश झिरपतें. कारागीर बांबूच्या बारीक काड्यांची चटई चौकटींत बसवून हौदांत बुडवतो, पुढें-मागें हालवतो, वरचें पाणी झटकून टाकतो व पुन्हां बुडवतो. असा पापुद्र्यावर पापुद्रा बसून एक ताव होतो. उष्म्यानें या रसाची तार लवकर मोडते. म्हणून कडाक्याची थंडी हाच या कामाचा हंगाम. ज्या दिवसांत पाण्यांत बोट घालवत नाहीं, त्याच दिवसांत कागद्यानें सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यांत हात घालून उभें राहावयाचें, अशी ही विद्या आहे.

जपानी घरांत या कागदाचा उपयोग केवळ लिहिण्यापुरता कधींच नव्हता. लांकडी जाळीवर कागद चिकटवून केलेल्या सरकत्या दारांस शोजी म्हणतात. त्यांतून ऊन मवाळ होऊन घरांत येतें. वर्षाच्या अखेरीस घराची साफसफाई करतांना जुना कागद काढून नवा लावण्याची तिकडे चाल आहे. आपण दिवाळीपूर्वीं भिंतींस चुना देतों, तसाच हा प्रकार. तेल दिलेल्या कागदाच्या छत्र्या, कंदील, पंखे, बाहुल्या, भेटवस्तूंचीं वेष्टनें, इतकेंच काय पण अंगांत घालावयाचे कपडेही कागदाचे होत असत. कपड्याच्या कागदास बळकटी यावी म्हणून त्यास कोन्याकू नांवाच्या कंदाची खळ देत. हा कंद आपल्या सुरणाच्या कुळांतला. याच खळीनें कागदाचे थर एकावर एक चिकटवून जपाननें दुसऱ्या महायुद्धांत, १९४४-४५ मध्यें, नऊ हजारांहून अधिक फुगे केले व त्यांस बाँब बांधून ते पॅसिफिक महासागरावरून अमेरिकेकडे सोडले. ते चिकटविण्याच्या कामास शाळकरी मुलीही लावल्या होत्या. कागद किती बळकट असूं शकतो हें यावरून दिसतें. आणि चांगल्या विद्येचा माणूस काय उपयोग करील याचा नेम नाहीं, हेंही दिसतें.

गिरणीच्या कागदापुढें जपानांतही हातकागदाचीं घरें एकामागून एक बंद पडलीं. तरी ज्या गांवांनीं ही कला धरून ठेवली त्यांचा मान राहिला. २०१४ मध्यें युनेस्को या संस्थेनें सेकिशू-बान्शी, होन-मिनोशी व होसोकावा-शी या तीन प्रकारच्या कागदांची कला जगाच्या अमूर्त वारशांत नोंदविली. त्या तिन्ही कागदांस कोझोचाच तंतु लागतो, आणि तो करणारीं माणसें घराण्याघराण्यांतून व गांवच्या मंडळांतून ही विद्या पुढच्या पिढीस शिकवितात.

आतां आपल्याकडे येऊं. ‘कागद’ हा शब्दच फारसींतून आला, आणि दौत, कलम, दप्तर, रुमाल हे त्याचे सोबतीही त्याच वाटेनें आले. त्यापूर्वीं आपली विद्या ताडपत्रावर, भूर्जपत्रावर आणि मुख्यतः मुखांत होती. नेवाशास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पैठणास शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं तिची पाठशुद्धि केली. त्यानंतर ती गांवोगांव पोंचली ती हातानें उतरून घेतलेल्या प्रतींवरून. आपल्या या गोदाकांठच्या मुलखाचें वाङ्मय ज्यावर जगलें, तो कागद कोठून येत असे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों.

महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हां त्याच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले, अशी परंपरा आहे. दौलताबाद व खुलताबाद यांच्या मध्यें कागजीपुरा नांवाचें गांव आहे. त्याच्या नांवांतच त्याचा धंदा आहे, आणि हातकागदाची तेथील परंपरा आपल्या काळापर्यंत चालत आली आहे. दुसरें प्रसिद्ध ठिकाण जुन्नर. जुन्नरी कागद मराठी दप्तरांतून सर्वत्र वापरांत होता. पुण्याच्या कसबा पेठेंतील कागदीपुरा या वस्तीचें नांवही याच धंद्याची खूण आहे. हे कारागीर मुसलमान कागदी होते. चिंध्या, जुने दोर, तागाचीं फाटकीं पोतीं हा त्यांचा कच्चा माल. तो बारीक कापून चुन्याच्या पाण्यांत भिजवीत, पायानें चालविण्याच्या उखळांत कांडीत, नदीवर नेऊन धूत, आणि असें पुन्हां पुन्हां करीत. मग हौदाच्या कांठीं बसून गवती काड्यांच्या चटईवर ताव उचलावयाचा, तावांची चळत दाबून पाणी काढावयाचें, एक एक ताव भिंतीस लावून वाळवावयाचा, त्यास पिठाची खळ द्यावयाची, आणि शेवटीं गुळगुळीत दगडानें किंवा शिंपल्यानें घोटावयाचा. ज्यावर बोरू अडखळत नाहीं व शाई फुटत नाहीं असा कागद या घोटण्यानें होई.

सोंवळें नेसून उघडावयाची पोथी ज्या तावावर लिहिली आहे, तो ताव असा मुसलमान कागद्याच्या हातचा आहे, आणि त्यांत गांवच्या चिंध्या व पोतीं आहेत. आपल्या पूर्वजांनीं तो आदरानें डोक्यास लावला. लिहिणारा, लिहविणारा आणि वाचणारा यांचीं नांवें पोथीच्या शेवटीं सांपडतात. कागद करणाऱ्याचें नांव सांपडत नाहीं. दसऱ्यास पोथीची पूजा करतांना त्याचीही एकदां आठवण व्हावी, असें आम्हांस वाटतें.

या जुन्या लेखनविद्येचे अवशेष आपल्या बोलण्यांत अजून आहेत. पोथींत अक्षर चुकलें तर त्यावर पिवळा हरताळ लावून तें झांकीत व त्यावर शुद्ध अक्षर लिहीत. त्यावरून ‘हरताळ फासणें’ आलें. पोथी फळ्यांमध्यें ठेवून कापडांत बांधीत. त्यावरून एखादी गोष्ट ‘बासनांत गुंडाळून ठेवणें’ आलें. पातळ सालीचें लिंबू ‘कागदी’ ठरलें. हरताळ हा सोमलाच्या जातीचा विषारी पदार्थ आहे. त्याचा उपयोग किड्यांपासून रक्षणासही होई. म्हणून पिवळे डाग असलेली पोथी हाताळल्यावर हात धुतल्यावांचून जेवावयास बसूं नये, आणि पान उलटतांना बोट जिभेस लावण्याची संवय तर मुलांस मुळींच लागूं देऊं नये.

मग आमच्या आजोबांचीं पुस्तकें का मोडतात? जर्मनींत १८०७ मध्यें इलिग नांवाच्या माणसानें कागदास खळीऐवजीं राळ व तुरटी यांचें मिश्रण देण्याची युक्ति प्रसिद्ध केली. पुढें १८४४ मध्यें केलर यानें लांकूड घांसून त्याचा लगदा करण्याची रीति काढली. या दोन शोधांनीं कागद अतिशय स्वस्त झाला, शाळा व वर्तमानपत्रें वाढलीं, आणि आमच्यासारख्यांस मासिकें चालवितां आलीं. हा उपकार नाकारतां येणार नाहीं. परंतु तुरटीमुळें कागदांत आम्ल राहतें, घांसलेल्या लांकडांतील द्रव्यें उन्हानें व हवेनें पिवळीं पडून त्यांत भर घालतात, आणि हें आम्ल तंतु आंतून तोडीत जातें. उलट जुन्या कागद्यानें वापरलेला चुना आणि जपान्यानें वापरलेली राख हीं दोन्ही क्षारधर्मी आहेत. त्यांचा अंश कागदांत राहतो व हवेंतून आलेलें आम्ल मारतो. अंबटाला चुना उतारा, इतकें सोपें हें शास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कागदाची टंचाई झाली तेव्हां जो हलका कागद मिळाला त्यावर छपाई झाली. म्हणून त्या वर्षांचीं पुस्तकें विशेष लवकर जात आहेत.

गिरणीच्या स्वस्ताईपुढें जुन्नरचा हौद आटला. त्यास पुन्हां पाणी आणण्याचा प्रयत्न गांधीजींच्या प्रेरणेनें झाला. डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचें ठाणें वर्धा येथें होतें व श्री. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. हातकागद हा त्यांच्या मुख्य उद्योगांपैकीं एक होता. अमेरिकन कागदतज्ज्ञ डार्ड हंटर यानें हिंदुस्थानांत हिंडून येथील हातकागदावर लिहिलेलें पुस्तक १९३९ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि १९४० मध्यें श्री. के. बी. जोशी यांच्या खटपटीनें पुण्यास हातकागद संस्था उभी राहिली. या प्रयत्नांनीं ही विद्या अजिबात बुडाली नाहीं, एवढें श्रेय त्यांस निःसंशय आहे.

आतां घरगुती प्रश्नाकडे वळूं. जगांत आज जेथें जेथें जुने ग्रंथ दुरुस्त होतात, तेथें तेथें जपानी कागद वापरतात. इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो नदीला महापूर आला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयांतील लाखों ग्रंथ चिखलांत बुडाले. देशोदेशींचे कारागीर तेथें जमले, आणि त्या कामांत जपानी कागदाचे गुण सर्वांच्या नजरेस आले. तेव्हांपासून तो या धंद्याचा नित्याचा सोबती झाला. जपानांतील कोची प्रांतांत तेंगुजो नांवाचा कागद होतो. आपण कचेरींत वापरतों तो कागद चौरस मीटरास सत्तर-ऐंशी ग्रॅम भरतो. तेंगुजोचा सर्वांत पातळ प्रकार दोन ग्रॅमही भरत नाहीं. तो अक्षरांवर चिकटविला तरी खालचीं अक्षरें वाचतां येतात, आणि लांब तंतूंमुळें फाटलेलें पान त्याच्या आधारानें उभें राहतें.

आणि तो चिकटवितात कशानें? गव्हाच्या निव्वळ सत्वाच्या खळीनें. कुरडयांसाठीं आपल्या घरीं गहूं भिजवून, वाटून, गाळून जो चीक खालीं बसूं देतात, तोच हा पदार्थ. वरचें पाणी ओतून तळाशीं राहिलेलें पांढरें सत्व पाण्यांत शिजवून व पुन्हां गाळून घेतलें कीं दुरुस्तीची खळ तयार होते. मात्र कुरडईचें मीठ-हिंग येथें वर्ज्य. जुन्या चित्रपटांच्या गुंडाळ्या दुरुस्त करणारे जपानी कारागीर ही खळ मडक्यांत भरून आठ-दहा वर्षें मुरवितात, म्हणजे ती मऊ पडते व कागदास ताठरपणा आणीत नाहीं. या खळीचा खरा गुण असा कीं, उद्यां कोणास अधिक चांगली दुरुस्ती करावयाची झाली तर ओलाव्यानें ती सुटते. जें केलें तें पुढच्यास उलगडतां आलें पाहिजे, हा दुरुस्तीचा पहिला नियम आहे.

या नियमाच्या उजेडांत आपण घरीं काय करतों तें पाहावें. फाटलेल्या पानास पारदर्शक चिकटपट्टी लावतात. ती कांहीं वर्षांत पिवळी पडते, तिचा चीक कागदांत मुरतो, आणि पट्टी गळून पडली तरी डाग कायम राहतो. त्याहून मोठें संकट म्हणजे प्लास्टिकच्या आवरणांत कागद तापवून बंद करण्याची हल्लींची पद्धति. पणजोबांची सनद चांगली राहावी या हेतूनें मंडळी ती बाजारांतल्या दुकानांत नेतात आणि दहा मिनिटांत कायमची कोंडून आणतात. आंतील आम्ल आंतच राहतें, आणि प्लास्टिक काढूं गेल्यास अक्षरही बरोबर येतें. खळींत मोरचूद घालण्याची बुकबाइंडरांची जुनी रीत आहे. तिनें किडा दूर राहतो हें खरें, पण मोरचुदांतील तांबें कागदास हळूहळू खातें, तेव्हां जुन्या पोथीस ती खळ नको.

शाईचाही विचार करावा लागतो. काजळ व डिंक यांची जुनी शाई कागदास मुळींच अपाय करीत नाहीं. परंतु पाणी लागतांच ती पसरते. हिराकस व मायफळ यांची शाई पाण्यास दाद देत नाहीं, पण कागदास आंतून जाळते. अशा पत्रांत अक्षरांच्या जागीं भोंकें पडलेलीं दिसतात. म्हणून ओल्या खळीचें काम पोथीवर एकदम करूं नये. ज्यास हौस असेल त्यानें आधीं एखाद्या साध्या छापील पुस्तकाच्या फाटक्या पानावर हात बसवावा. पातळ जपानी कागदाची पट्टी कात्रीनें न कापतां पाण्याची रेघ ओढून हातानें फाडावी, म्हणजे तिच्या कडेस तंतु मोकळे राहतात. खळ अगदीं विरळ लावावी. वर-खालीं टिपकागद ठेवून वजन द्यावें आणि रात्रभर हात लावूं नये. असा कागद मिळत नसेल तर दुरुस्तीच्या भरीस न पडतां पान जसें आहे तसें स्वच्छ कागदांत ठेवणें, हेंच उत्तम.

आमच्या तिसगांवच्या बाजूस हवा कोरडी. पाऊस बेताचा, ऊन पुष्कळ. दुष्काळी मुलूख म्हणून आपण कपाळास हात लावतों; पण कागदास ही हवा कोंकणांतल्या दमटाईपेक्षां फार मानवते. तेथें जी पोथी बुरशीनें जाते, ती येथें टिकते. येथील शत्रु निराळे. माळवदाची माती झिरपते, पावसाळ्यांत एखादी धार नेमकी पेटीवर गळते, भिंतीच्या पायांतून वाळवी चढते आणि बासनांत कसर लागते. यासाठीं पेटी जमिनीवर किंवा भिंतीस टेकून ठेवूं नये; चार विटांवर व भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. लोखंडी पेटींत कागद थेट न ठेवतां धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडांत बांधावे. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंब पुरचुंडींत बांधून बाजूस ठेवावा. पानांमध्यें पाला घालूं नये, त्याचे डाग पडतात. मोराचें पीस शोभेस ठीक आहे, पण कसर त्यास भीत नाहीं. वर्षांतून दोनदां सावलींत वारा द्यावा. कडक उन्हांत पोथी पसरणें म्हणजे तिचें आयुष्य उन्हांत वाळत घालणें होय. आणि दसऱ्यास सरस्वतीपूजन करतांना गंध, हळदकुंकू व अक्षता बासनावर वाहाव्या, पानावर वाहूं नयेत. ओल्या कुंकवाचा ठिपका देवीस पोंचतो कीं नाहीं तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पानांत मात्र तो तीन-चार पत्रें खोल पोंचतो.

एवढी काळजी घेण्याचें कारण काय, असा प्रश्न घरांतील तरुण मंडळी विचारतील, आणि तो रास्त आहे. मोडी कोणास वाचतां येत नाहीं, घराच्या वांटण्या झालेल्या, एक भाऊ पुण्यास, दुसरा परदेशांत, आणि माळ्यावरचें बासन कोणाच्याच वांट्यास नको असतें. मग जुनें घर पाडण्याच्या वेळीं तें रद्दींत जातें. किंवा रद्दींत घालणें पाप वाटलें तर पैठणास नेऊन गोदावरींत सोडतात. जीर्ण पोथी गंगार्पण करण्यामागें श्रद्धा असते हें आम्ही जाणतों. पण वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून अशींच दप्तरें धुंडाळलीं, त्यांतून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ हे खंड निघाले, आणि १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभें राहिलें. मराठ्यांचा इतिहास आज आपण ज्या विश्वासानें सांगतों, त्याचा पाया कोणाच्या तरी माळ्यावरून न फेंकलेल्या कागदांचा आहे. शिवाय हे कागद म्हणजे केवळ लढायांचे व तहांचे नसतात. कोणत्या दुष्काळांत कोणी कोणास धान्य दिलें, कोणत्या विधवेस वांटणींत काय मिळालें, कोणतें शेत कोणाकडून आलें, हें त्यांतच असतें. गंगेस दिलेला कागद परत वाचतां येत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे. वांटणींत पोथ्यांचीं पानें वांटूं नयेत. भावांनीं भांडीं वांटून घ्यावीं, पण दप्तर एकाच्या हवालीं अखंड करावें आणि इतर सर्वांस, बहिणींसही, त्याचीं छायाचित्रें द्यावीं. हातांतील भ्रमणध्वनीनें खिडकीच्या उजेडांत, दिव्याचा झोत न टाकतां, पानापानाचें छायाचित्र घेणें हें आतां शाळकरी मुलासही जमतें. कोणतें पान कोठलें, हें एका वहींत क्रमानें लिहून ठेवावें. नाहींतर हजार छायाचित्रें म्हणजे नुसता दुसरा ढीग. परदेशीं गेलेल्या मुलानें मूळ पोथी बरोबर नेण्याचा हट्ट धरूं नये. पंचाहत्तर वर्षांहून जुनें, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित १९७२ च्या कायद्यान्वयें पुरावस्तु ठरतें, आणि तें देशाबाहेर नेण्यास खाजगी माणसास मनाई आहे.

आणि घरांत कोणीच सांभाळणारें नसेल, तर त्याची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. लहान घरांत चौघांच्या अंथरुणास जागा नसतां दप्तरास कोठून असणार? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथें ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ व १९१७ मध्यें स्थापन झालेलें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. अशा ठिकाणीं आधीं पत्र पाठवून विचारावें, काय दिलें त्याची यादी करून पोंच घ्यावी, आणि आपल्या घराण्याचें व गांवाचें नांव त्या यादींत लिहवून घ्यावें. तिसगांवचे कागद नगरास गेले तरी ते तिसगांवचेच राहतात, जर तसें कोणी लिहून ठेवलें असेल तर.

वाचकांनीं येत्या दसऱ्यास आपलें बासन एकदां सोडावें, पानें मोजावीं, कोठें कसर लागली आहे तें पाहावें, आणि मोडी वाचणारा कोणी वडीलधारा गांवांत अजून असेल तर त्यास मानानें घरीं बोलावून पहिल्या चार ओळी तरी वाचून घ्याव्या. कागद बहुधा आणखी शंभर वर्षें वाट पाहील. मोडी वाचणारे आजोबा तितके थांबणार नाहींत.